गुहेची वाट कोणाला दाखवायची?

मेघालयातील खासी, जैंतिया आणि गारो टेकड्यांत १९९२ पासून फेब्रुवारीच्या आसपासच्या कोरड्या दिवसांत देशी-परदेशी गुहाशोधकांच्या मोहिमा होत आल्या आहेत. या मोहिमांतून एक हजाराहून अधिक गुहा उजेडात आल्या आणि चारशे किलोमीटरहून जास्त लांबीची भुयारे मोजली गेली. आता अशा मोहिमेवरून परतणाऱ्या पथकाच्या हाती दोर आणि दिव्यांबरोबर आणखी एक ऐवज असतो, तो म्हणजे जीपीएस यंत्रात नोंदलेला वाटेचा ट्रॅक. ही छोटीशी फाइल क्षणात जगभर पोहोचविता येते. ती पोहोचवावी का, आणि कोणापर्यंत, हा प्रश्न गुहांच्या भवितव्याशी जोडला गेला आहे.

मुळात जीपीएसची मर्यादा समजून घ्यायला हवी. सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरील उपग्रहांकडून येणारा संकेत इतका क्षीण असतो, की डोक्यावर काही मीटर खडक आला की तो थांबतो. त्यामुळे मोहिमेचा ट्रॅक गुहेच्या तोंडाशीच तुटतो. पुढची मोजणी लेझर अंतरमापक, होकायंत्र आणि उतार मोजणारे साधन यांच्या आधारे, एका टप्प्यावरून दुसऱ्या टप्प्यावर जात करावी लागते. चिखलात सरपटत, कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून केलेले ते काम आहे.

तरीही जीपीएसचे महत्त्व कमी होत नाही. आतला सारा नकाशा जमिनीवरील एकाच बिंदूला टांगलेला असतो. तो बिंदू म्हणजे गुहेचे तोंड. तेथील नोंद चाळीस मीटरने चुकली, तर कित्येक किलोमीटरचे भुयार नकाशावर तेवढेच सरकते. शेजारच्या दोन गुहा एकमेकींना भिडतात की नाही, गुहेच्या वर गाव आहे की खाण, हे त्या बिंदूवरच ठरते. मे २००० मध्ये अमेरिकेने नागरी जीपीएसमधील हेतुपुरस्सर चूक काढून टाकल्यानंतर ही अचूकता सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. मात्र दाट जंगलात आणि घळीत संकेत कड्यांवर आदळून येतात. म्हणून अनुभवी पथके तोंडाशी थांबून अनेक नोंदींची सरासरी घेतात.

या बिंदूंमागे काय दडले आहे? जैंतिया टेकड्यांतील क्रेम लिआत प्रा ही तीस किलोमीटरहून लांब गुहा आहे. २०१६ मध्ये मॉसिनराम परिसरात सापडलेली क्रेम पुरी साडेचोवीस किलोमीटर लांब असून ती वालुकाश्मातील जगातील सर्वात लांब गुहा मानली जाते. मॉमलूह गुहेतील चुनखडीच्या एका स्तंभाच्या आधारे पृथ्वीच्या इतिहासातील गेल्या ४,२०० वर्षांच्या कालखंडाला २०१८ मध्ये ‘मेघालयन’ हे नाव मिळाले. जैंतिया टेकड्यांतीलच एका गुहेत २०१९ मध्ये सुमारे चाळीस सेंटिमीटर लांबीचे, भूगर्भात राहणारे मासे अभ्यासकांना आढळले. त्या आकाराचा भूगर्भीय मासा जगात तोपर्यंत ज्ञात नव्हता.

असा ठेवा असलेल्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करणे जोखमीचे आहे. हजारो वर्षांत वाढलेला स्तंभ तोडायला एक मिनिट पुरते. वटवाघळांच्या वसाहतींना गर्दी सोसत नाही. सह्याद्रीतील अनवट घाटवाटांचा अनुभव मुंबई-पुण्याच्या ट्रेकरना आहेच. मोबाइलमध्ये ट्रॅक उतरवून घेतला की गावातला वाटाड्या अनावश्यक वाटू लागतो. गुहेच्या बाबतीत धोका अधिक, कारण ट्रॅक तोंडापर्यंत नेतो, पण पावसात आतले पाणी किती वेगाने चढते हे सांगत नाही. अमेरिकेने १९८८ च्या कायद्यान्वये सरकारी जमिनीवरील महत्त्वाच्या गुहांची स्थाने गोपनीय ठेवली, ती याच भीतीपोटी. निरुपद्रवी वाटणाऱ्या नोंदी काय उघड करतात, हे जानेवारी २०१८ मध्येही दिसले. धावपटूंच्या ट्रॅकमधून तयार केलेल्या ‘स्ट्राव्हा’च्या नकाशावर लष्करी तळांच्या वाटा उजळून निघाल्या होत्या.

तथापि, गुप्तता हा सोपा उपाय मानणे मेघालयात तरी परवडणारे नाही. ज्या चुनखडीत गुहा घडतात, तीच चुनखडी सिमेंटचा कच्चा माल आहे. नोंदच नसलेली गुहा सुरुंगाने कोसळली, तर ती होती हे सिद्ध कोण करणार? खाणीला हरकत घ्यायची, तर भुयार कोठून कोठे जाते हे अचूक दाखवावे लागते.

२०१८ मधील दोन घटना येथे आठवतात. थायलंडच्या थाम लुआंग गुहेत जूनमध्ये बारा मुले आणि त्यांचे प्रशिक्षक अडकले, तेव्हा वर्षानुवर्षे त्या गुहेत फिरलेल्या एका गुहाशोधकाच्या माहितीमुळे शोधाची दिशा ठरली. एका पाणबुड्याने प्राण गमावले. पण तेराही जण वाचले. त्याच वर्षी १३ डिसेंबरला मेघालयातील क्सान येथे बेकायदा कोळसाखाणीत पाणी शिरले आणि पंधरा मजूर अडकले. बचावपथकांकडे त्या खाणीचा नकाशाच नव्हता. पंधरांपैकी कोणीही जिवंत बाहेर आले नाही. केवळ नकाशाने ते वाचले असते असे नव्हे. पण जमिनीखालची नोंद नसण्याची किंमत कोण मोजतो, हे त्यातून कळते.

आणखी एक बाजू क्वचितच चर्चेत येते. मेघालयातील बहुतेक जमीन सरकारची नसून कुळांची, गावांची वा व्यक्तींची आहे. पथकाला गुहेपर्यंत बहुधा गावकरीच नेतात. त्यांनी पाहुण्यांना दाखविलेली वाट त्यांना न विचारता जगाला वाटून टाकणे, हा शोध नव्हे. गुहा राखायची की दगड विकायचा, हा निर्णय ज्यांना घ्यायचा आहे, त्यांच्या हाती नकाशाची पहिली प्रत असायला हवी.

मधला मार्ग तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. अंशाच्या पाच दशांश स्थळांपर्यंत दिलेला अक्षांश सुमारे एक मीटरपर्यंत नेमका असतो. तोच दोन दशांश स्थळांवर आणला तर परिसर कळतो, तोंड कळत नाही. गुहेचे नाव, लांबी, आतला नकाशा आणि ढोबळ स्थान सर्वांना खुले ठेवता येईल. पूर्ण ट्रॅक गावाकडे, संशोधकांकडे आणि खाणीला परवानगी देणाऱ्या यंत्रणेकडे असावा. सार्वजनिक केलेला ट्रॅक गावातच संपवावा आणि छायाचित्रांत मोबाइलने आपोआप नोंदलेले स्थानही पुसावे. अन्यथा पुढच्या दाराला कुलूप लावून मागचे दार उघडे ठेवल्यासारखे होईल.

अर्थात, यातील शेवटची कडी सर्वांत कच्ची आहे. शासनदरबारी पोहोचलेला अचूक बिंदू खाणीची परवानगी देताना पाहिला गेला नाही, तर गुहाशोधकांची गुप्तता आणि त्यांचा मोकळेपणा दोन्ही सारखेच निष्फळ ठरतील.