ओझेवाल्याचं नाव लिहा!

पहिल्या महायुद्धातल्या पूर्व आफ्रिकेच्या मोहिमेवर पुस्तकांचे ढीग पडलेत. एकीकडे इंग्रजांचं साम्राज्य, दुसरीकडे जर्मनांचं. जमीन दोघांच्याही बापाची नव्हती. तरी १९१४ ते १९१८ तिच्यावरच झुंजले. आणि पुस्तकवाले अजून एकाच माणसाची आरती ओवाळतात : जर्मन सेनापती लेटो-फोरबेक. म्हणे, शेवटपर्यंत हरलाच नाही!

अरे, पण त्याची काडतुसं वाहिली कुणी?

त्या मुलखात त्सेत्से माशी चावली की घोडे-बैल मरायचे. म्हणून माणसं जुंपली. दोन्ही साहेबांनी. डोक्यावर वीस-पंचवीस किलो ओझं, पोटात धड न शिजलेलं मक्याचं पीठ. गोळीनं मेले त्याच्या कितीतरी पट हगवणीनं, मलेरियानं, न्यूमोनियानं मेले. इंग्रजांकडच्या मेलेल्या हमालांचा सरकारी आकडा ९५ हजारांच्या आसपास आहे. जर्मनांच्या हमालांची तर मोजदादच नाही. दोस्तांनो, बैल मेला तरी मालक हिशेब ठेवतो!

१९१५ साली ब्रिटिश पूर्व आफ्रिकेत, म्हणजे आजच्या केनियात, कायदा झाला. हमाल सक्तीनं धरून न्यायचा. पगार फार तर महिना पाच रुपये. होय, रुपये. तिथं तेव्हा हिंदुस्थानचाच रुपया चालायचा. मेलेल्या हजारोंचा थकला पगार त्यांच्या घरी कधी पोचलाच नाही.

हे लांबचं म्हणून सोडू नका. मी ज्या बंदरात पोती उचलतो, त्याच मुंबई बंदरातून १६ ऑक्टोबर १९१४ ला इंग्रजांनी हिंदी शिपायांची फौज पाठवली. नोव्हेंबरात टांगाला तिचा धुव्वा उडाला. त्या बोटी काही साहेबानं स्वतःच्या पाठीवर भरल्या नसतील. ओझं उचलणाऱ्याला कळतं, लढाई कुणाच्या मानेवर उभी असते ते.

१९१९ च्या मार्चमध्ये लेटो-फोरबेक बर्लिनमध्ये घोड्यावरून मिरवला. मिरवायला घोडा, वाहायला माणूस!

आणि इंग्रज? त्यांनी नैरोबीत पुतळे उभारले. त्यात एक हमालाचा. खालचा मजकूर किपलिंगचा. त्याचा मतलब असा : हमाल म्हणजे फौजेचे हातपाय, देशासाठी लढून मेलास तरी तुझी पोरं तुझं नाव आठवतील. कुणाचा देश रे? आणि नाव कुठंय? त्या दगडावर एकाही हमालाचं नाव नाही.

विद्वान सांगतात, नोंदी नीट नव्हत्या. वा! धरून न्यायला कायदा सापडला, पगार कापायला आकडा सापडला, फक्त नाव लिहायला कागद सापडला नाही? २०२१ साली इंग्रजांच्या युद्धस्मारक आयोगानंच कबूल केलं की किमान १ लाख १६ हजार मेलेल्यांची नावं लिहिलीच नाहीत. त्यात बहुतेक पूर्व आफ्रिकेचे आणि इजिप्तचे. शंभर वर्षांनी माफी मागितली.

माफी ठेवा तुमच्यापाशी. पोरांनी नाव आठवावं म्हणता ना?

मग लिहा ना, साल्यांनो, नाव!