चांगलं चाक ढिलं करून ब्रेक सरळ होत नसतो

आज पिकाचं नाही, गाडीचं लिहितो. कांदा काढणी चालू आहे आणि गावातल्या बऱ्याच गाड्या माझ्या पिकअपसारख्याच म्हाताऱ्या आहेत. चारही चाकांना ड्रम ब्रेक.

मागच्या आठवड्यात संगमनेरकडं चंदनापुरी घाट उतरताना ब्रेक दाबला की गाडी उजवीकडं ओढायला लागली. समोरून एसटी. कशीबशी सावरली. मागं कांदा होता, माणसं नव्हती, एवढंच नशीब.

फिटरकडं नेली. त्यानं ड्रम खोललाच नाही. पुढच्या उजव्या चाकाचा अ‍ॅडजस्टर ढिला केला आणि म्हणाला, "झालं काका, आता सरळ चालंल." चालली खरी सरळ, पण थांबायला पहिल्यापेक्षा लांब जायला लागली. अहो, जे चाक इमानानं धरत होतं त्यालाच कमजोर केलं! जोडीतला एक बैल लंगडतो म्हणून दुसऱ्याचा पाय मोडायचा का?

घरी आणून डावा ड्रम काढला. व्हील सिलेंडरचं रबर गळत होतं, ब्रेक ऑइलनं लायनर भिजलेलं. दुखणं डावीकडं, औषध उजवीकडं!

ध्यानात ठेवा, गाडी बहुतेक वेळा धरणाऱ्या चाकाकडं ओढते. म्हणजे दोष आधी समोरच्या बाजूला शोधायचा. पण भिजलेलं लायनर कधी घसरतं, तर कधी एकदम पकडतं. म्हणून दोन्ही बाजू खोलल्याशिवाय निकाल द्यायचा नाही.

मी असं करतो. आधी दोन्ही टायरची हवा सारखी करायची. मग सपाट जागी बाकीच्या चाकांना दगड लावून, गाडी जॅकवर घेऊन खाली ठोकळे द्यायचे. एकानं पेडल दाबायचं, दुसऱ्यानं चाक हातानं फिरवून बघायचं. पेडल सोडल्यावरही चाक अडकून राहिलं तर एअर काढायचा नट जरासा ढिला करायचा. चाक सुटलं तर दाब आत अडकतोय, बहुतेक पाइप आतून फुगून बंद झालाय. नाहीच सुटलं तर शू, स्प्रिंग किंवा सिलेंडर जाम आहे. मागच्या चाकात घट्ट तेल दिसलं तर एक्सलचं ऑइल सील बघा.

भिजलेलं लायनर पेट्रोलनं धुऊन परत बसवू नका, तेल आत मुरलेलं असतं. लायनर बदलायचं तर दोन्ही बाजूंचं, एकाच मालाचं. ड्रममधली धूळ कंप्रेसरनं उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, ते फुप्फुसात जातं. ओल्या फडक्यानं पुसा. शेवटी अ‍ॅडजस्टर चाक अडेपर्यंत आवळून, चाक मोकळं फिरेल इतकाच मागं घ्यायचा. डावं-उजवं सारखं. मग रिकाम्या रस्त्यावर हळू वेगात तपासायचं, घाटात नाही.

काही जण म्हणतात, "जुन्या गाडीचा तो गुणच असतो, स्टिअरिंग जरा उलटं धरायचं." खोटं आहे हे. नवी असताना ती सरळच थांबत होती. पान पिवळं दिसलं की मुळी न बघता युरिया टाकणाऱ्याला आपण नावं ठेवतो. मग ब्रेकच्या बाबतीत तोच अडाणीपणा कसा चालतो?

आणि परवडत नाही म्हणू नका. सिलेंडरचं रबर किट एका फवारणीच्या औषधापेक्षा स्वस्त पडतं. याच गाड्यांत सकाळी खुरपणीला जाणाऱ्या बाया मागं उभ्या असतात. खरं तर माणसं बसवूच नयेत, पण बसवतो आपण सगळे, मीही. त्यांना ब्रेक कुठं ओढतो हे माहीत नसतं. आपल्याला माहीत असतं.

पुढच्या वेळी फिटरनं ड्रम न काढता पाना फिरवला, तर पाना हातातून काढून घ्या.