बोटीच्या सफरीला किटली का नेऊ नये?



कापडे येथील एका घरातून आमच्याकडे विचारणा आली आहे. मुंबईत नोकरी करणाऱ्या मुलाने आई-वडिलांसाठी मुंबई-गोवा बोटीची तीन दिवसांची सफर ठरविली. तिकिटे निघाली, पोलादपूरहून कोणत्या एसटीने निघायचे तेही ठरले, आणि सामान भरताना घरात वाद झाला. वडील परळच्या गिरणीत होते. गिरणी बंद होऊन कित्येक वर्षे लोटली, पण पहिल्या पाळीची सवय अंगातून गेलेली नाही. पहाटे चारला त्यांना चहा लागतो, आणि तो मिळाला नाही तर दिवसभर डोके धरून बसतात. म्हणून आईने विजेची किटली पिशवीत घातली. सुनेने ती बाहेर काढली. तिकिटाबरोबर आलेल्या कागदात किटली चालत नाही असे छापले आहे, असे तिचे म्हणणे. सासूबाई म्हणाल्या, "साडीत गुंडाळून नेऊ, कोण बघतंय?" आता निवाडा आम्ही करावा असा निरोप आहे.

निवाडा सुनेच्या बाजूने. परंतु सासूबाईंचेही सगळेच चुकले असे आम्ही म्हणणार नाही. त्यांना वाटणारी काळजी खरी आहे आणि तिला उत्तर मिळाले पाहिजे. नुसते "नियम आहे" म्हणून आपल्या माणसाचे समाधान होत नाही.

बोटीवर सोबत काय न्यायचे, हा प्रश्न आपल्या भागाला नवा नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेसाठी बाबासाहेब आणि प्रतिनिधी मुंबईहून 'पद्मावती' बोटीने निघाले, हरिहरेश्वरला उतरले, तेथून दुसऱ्या बोटीने खाडीतून दासगावच्या बंदरात आले आणि पुढे महाडला पायी गेले. महाडचे व्यापारी जिन्नस विकणार नव्हते, म्हणून परिषदेसाठी शिधा बाहेरून आधीच जमवावा लागला होता. त्यानंतरही कोकणच्या बोटीने मुंबईला जाणाऱ्या आपल्या आज्या-आत्या भाकरी, सुकट, पाण्याचा तांब्या, सगळे बरोबर घेऊन निघत. तेव्हा "आपले सोबत असलेले बरे" हे आपल्या घरातले जुने शहाणपण आहे. फक्त आताच्या सफरीच्या बोटीवर ते किटलीला लावता येत नाही.

आता या बोटीविषयी. २०१८ साली मुंबई-गोवा मार्गावर 'आंग्रिया' ही बोट सुरू झाली होती. सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलिया कंपनीची 'एम्प्रेस' मुंबईहून गोवा, लक्षद्वीपकडे फेऱ्या करू लागली. अशा बोटीला क्रूझ म्हणतात. ती म्हणजे तरंगते हॉटेलच. शेकडो खोल्या, जेवणघर, करमणूक, सगळे आत. विमानतळावर होते तशी सामानाची तपासणी बोटीत चढण्यापूर्वी होते. यंत्राच्या पडद्यावर साडीची घडी दिसो न दिसो, किटलीचा धातू स्वच्छ दिसतो. मग पिशवी बाजूला, मग चारचौघांत उघडणे. किटली ठेवून घेतात, बहुतेक ठिकाणी पावती देतात आणि उतरताना परत मिळते. नुकसान फारसे नाही, पण जन्मात पहिल्यांदा मुलाच्या पैशाने फिरायला निघालेल्या माउलीला "मलाच का अडवले?" असे वाटून तिचा पहिला दिवस कडू होतो. तिला घरीच सांगून ठेवावे की हा नियम सगळ्यांना आहे. सर्वांत महागडी खोली घेणाऱ्याचीही किटली तेथेच राहते.

जगातल्या बहुतेक क्रूझ कंपन्यांचे या बाबतीत जवळजवळ एकमत आहे. ज्या वस्तूत तापणारी तार किंवा तापणारी पट्टी आहे ती आणायची नाही. किटली, कॉफी मेकर, इस्त्री, पाणी तापविण्याचा रॉड, विजेची शेगडी, भाताचा कुकर, सगळे त्यात आले. पुतण्या परदेशातून कॉफीचे यंत्र पाठवतो आणि आपण ते कौतुकाने बोटीवर न्यावे म्हणतो, त्यालाही हेच उत्तर. उलट त्या यंत्राची भीती अधिक, कारण कॉफी गाळून झाली तरी खालची तबकडी तापलेलीच राहते. मेणबत्ती आणि अगरबत्ती यांनाही मनाई असते. सफरीत पौर्णिमा आली तर आपल्या घरच्या बायका पिशवीत मेणबत्त्या घालतातच, म्हणून मुद्दाम लिहिले. खोलीत वंदना करायला कोणी अडवीत नाही. ज्योत तेवढी नको.

इतकी सक्ती का? कापड्यात एखाद्या घराला आग लागली तर माणसे शेताकडे पळतात, शेजारचे हंडे-कळशा घेऊन धावतात, महाडहून बंब येतो. समुद्रात पळणार कोठे? बंब यायचा कोठून? बोटीवरचे खलाशी हेच तेथले अग्निशामक दल. त्यात खोल्या लहान, बोळ अरुंद. धूर बोळात भरला की माणूस आगीने मरण्याआधी धुराने गुदमरतो. ७ एप्रिल १९९० रोजी नॉर्वेहून डेन्मार्ककडे निघालेल्या 'स्कँडिनेव्हियन स्टार' या बोटीवर आग लागून १५९ माणसे मेली, ती बहुतेक धुरानेच. ती आग लावलेली होती, किटलीची नव्हती. पण त्यानंतर प्रवासी बोटींवरचे आगीचे आंतरराष्ट्रीय नियम कडक झाले. २३ मार्च २००६ रोजी 'स्टार प्रिन्सेस' या मोठ्या बोटीला जमैकाजवळ आग लागली, एक प्रवासी दगावला. तपासात संशय आला तो सज्जात टाकलेल्या सिगारेटच्या थोटकावर. एवढीशी ती वस्तू.

आणि इतके दूर तरी कशाला जायचे? १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' या मालबोटीवर दुपारी आग लागली. पोटात कापसाच्या गाठी आणि दारूगोळा. चारच्या सुमारास स्फोट झाला. शेकडो माणसे गेली, आजूबाजूची वस्ती आणि गोदामे जळाली. गोदीत राबणारी कोकणी माणसे त्या दिवसाची आठवण पुढे कित्येक वर्षे सांगत होती. बोटीवरची आग हे नाव काढताच गोदीतला म्हातारा गंभीर का होतो, ते त्यावरून कळते.

विजेचेही एक कारण आहे आणि ते थोडे समजून घेण्यासारखे आहे. आपल्या घरी दोन तारा येतात, फेज आणि न्यूट्रल. न्यूट्रल रोहित्रापाशी जमिनीला जोडलेली असते, म्हणून झटका बसतो तो फेजचा. पुष्कळ बोटींवर मात्र दोन्हींपैकी एकही तार अशी जोडलेली नसते. दोन्ही तारा जिवंत. आपल्या बाजारातल्या स्वस्त एक्स्टेन्शन बोर्डाचे बटण एकच तार तोडते, दुसरीत वीज राहतेच. त्यातही जास्त दाबापासून रक्षण करणारा म्हणून जो बोर्ड मिळतो, सर्ज प्रोटेक्टर, तो घरी उपयोगी असला तरी बोटीवर तापून पेटू शकतो. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने २०१३ साली बोटीवाल्यांना याबद्दल खास इशारा दिला होता. म्हणून किटली घरी ठेवून बोर्ड तेवढा नेला तरी चालत नाही. तोही ठेवून घेतात.

आणि भाराचा हिशेब. आम्ही बी.कॉम., आकडा दिसला की मांडून पाहणारच. साधी किटली १५०० वॉटची. ८०० खोल्यांच्या बोटीवर सकाळी सहाला प्रत्येक खोलीने किटली लावली तर १२ लाख वॉट. बोटीला महावितरणची लाइन नाही. आपली वीज तिने आपल्याच यंत्रांवर तयार करायची आणि त्यातून इंजिन, पंप, दिवे, थंड हवा सगळे चालवायचे. शिवाय खोल्यांच्या तारा एवढ्या भारासाठी टाकलेल्याच नसतात.

बोटीवरची खोबणी आपल्यासारखी तीन गोल पिनांची असेलच असे नाही. बाहेर बांधलेल्या बोटींवर पुष्कळदा एक खोबणी दोन चपट्या पिनांची, ११० व्होल्टची, आणि एक दोन गोल पिनांची, २२० व्होल्टची असते. बाजारात मिळणारा अडॅप्टर फक्त पिन बदलतो, व्होल्ट बदलत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. मोबाइलच्या चार्जरवर बारीक अक्षरात १०० ते २४० व्होल्ट लिहिलेले असते, तो दोन्हीकडे चालतो. आपली २३० व्होल्टची किटली ११० वर लावली तर तिची ताकद पावपटीहूनही कमी होते. एक लिटर पाणी घरी चार मिनिटांत उकळते, तेथे पंधरा मिनिटे पुरायची नाहीत. आणि याच्या उलट प्रकार अधिक वाईट. अमेरिकेतून आलेले १२० व्होल्टचे कॉफीचे यंत्र कापड्यात थेट भिंतीला लावले तर साडेतीनपटीहून जास्त जोर त्यातून जातो आणि भेट पहिल्याच दिवशी जळते. कोणाच्या घरी तसे यंत्र आले असेल तर खालची पट्टी आधी वाचावी.

रॉडविषयी येथे दोन वाक्ये लिहिल्यावाचून राहवत नाही. बोटीवर तर तो नकोच, पण घरीही रॉड बादलीत आणि वीज गेलेली, असे आपल्याकडे पावसाळ्यात नेहमी होते. बादलीतले पाणी कोणी वापरून टाकते, वीज रात्री येते, आणि कोरडा रॉड प्लॅस्टिकच्या बादलीत लाल होतो. वीज गेली की आधी बटण बंद, मग पिन बाहेर. आणि रॉड चालू असताना पाणी तापले का ते बोट घालून पाहू नये. माणसे त्यानेच जातात.

आता मूळ प्रश्न, बाबांच्या पहाटेच्या चहाचा. सफरीच्या तिकिटात जेवण-नाश्ता साधारणपणे धरलेला असतो. चहा, कॉफी, गरम पाणी जेवणघरात मिळते. खोलीत मागवले तर त्याचे वेगळे पैसे पडू शकतात, ते आधी विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही. पहिल्या संध्याकाळीच खोलीची व्यवस्था पाहणाऱ्या माणसाला सांगावे की आमच्या वडिलांना पहाटे चारला चहा लागतो, कोठे मिळेल? तोही आपल्यासारखाच कोणा गावचा मुलगा असतो, मार्ग सांगतो. आणि सोबत स्टीलचा चांगला फ्लास्क न्यावा. त्याला वीज लागत नाही, तापणारी तार नाही, कोणी अडवीत नाही. रात्री झोपण्यापूर्वी त्यात उकळते पाणी भरून घ्यावे. चहाच्या पुड्या, दुधाची पावडर, साखर हवी असल्यास साखर. चुलीवर आले ठेचून उकळलेल्या चहाची सर त्याला येणार नाही, हे आम्ही बाबांना आधीच सांगून ठेवतो. तीन पहाटेंचा प्रश्न आहे.

लहान बाळ असेल तर दुधाची बाटली गरम करण्यासाठी जेवणघरातून वाडगाभर गरम पाणी मागावे आणि बाटली त्यात धरावी. दम्याच्या रुग्णाचे वाफेचे यंत्र किंवा झोपेत श्वास देणारे यंत्र यांची गोष्ट वेगळी. ती औषधाच्या जागी आहेत; मात्र तिकीट काढतानाच कंपनीला कळवावे आणि डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवावी. ऐन वेळी धक्क्यावर वाद घालून उपयोग नसतो. तसेच सफरीसफरीचे नियम थोडे वेगळे असतात, म्हणून आपल्या तिकिटाबरोबरचा कागद घरातल्या शिकलेल्या मुलीकडून मोठ्याने वाचून घ्यावा.

हीच सवय आगगाडीतही सोडायला हवी. नोव्हेंबर २०२५ मध्ये धावत्या गाडीत मोबाइलच्या खोबणीला किटली लावून नूडल्स शिजविणाऱ्या एका बाईंचे चित्रण सगळीकडे फिरले आणि मध्य रेल्वेने कारवाईचा इशारा दिला. लोक हसले. ती खोबणी केवळ मोबाइलपुरती असते, आणि भरलेल्या डब्यात तार पेटली तर काय होईल याचा विचार हसणाऱ्यांनीही केला नसावा.

एक गोष्ट बोटीवर नोकरीला जाणाऱ्या मुलांच्या आयांसाठी. पोरगा बोटीवर लागतो तो नाविकाचे नोंदणीपुस्तक, म्हणजे सीडीसी, काढून आणि आग विझविण्याचे प्रशिक्षण घेऊन. त्यासाठी घरचे पैसे गेलेले असतात, कित्येकदा कर्ज काढून. आणि निघताना आई मायेने बॅगेच्या तळाशी छोटी किटली आणि मॅगीची पाकिटे भरते. नोकरांच्या खोल्यांची तपासणी होते. प्रवाशाची किटली सापडली तर पावती मिळते. कामगाराची सापडली तर जाब द्यावा लागतो, नोकरीवरही येऊ शकते. पोरगा आईला दुखवायचे म्हणून बोलत नाही. त्याच्या बॅगेत कुळथाचे पीठ भरण्यापूर्वीही त्याला विचारावे, चालेल का ते तो सांगेल.

कापड्याच्या सासूबाईंसाठी इतकेच की फ्लास्क निघण्याच्या दोन दिवस आधी घरी तपासून पाहावा. रात्री दहाला उकळते पाणी भरून झाकण घट्ट लावावे आणि पहाटे चारला उघडावे. वाफ वर आली तर तोच न्यावा, नाहीतर महाडच्या बाजारातून नवा घ्यावा आणि त्याचे झाकण गळते का ते दुकानातच उलटे धरून बघावे.