आखातातल्या भिंतीला ओल येते कुठून?

दुबई-शारजातल्या मराठी घरात भिंतीला ओल आली की पहिला संशय गच्चीवर किंवा पावसावर जातो. मुंबईत तो रास्तच, कारण तिथे चार महिन्यांत 2,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. दुबईत मात्र वर्षाकाठी सरासरी 100 मिलिमीटरही पडत नाही. इथे आधी हवेवर संशय घ्यावा. ऑगस्टमध्ये किनाऱ्यालगत तापमान 35 अंश आणि आर्द्रता 70 टक्के असेल, तर ती हवा 29 अंशांखालच्या कोणत्याही पृष्ठभागाला टेकताच पाणी सोडू लागते. एसी लावलेल्या घरातली भिंत त्याहून कितीतरी थंड असते. बाल्कनीच्या दाराखालून, खिडकीच्या निसटलेल्या रबरातून किंवा स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट तासन्‌तास चालू ठेवल्याने ही दमट हवा आत ओढली जाते. मग कपाटामागे, एसीच्या जाळीभोवती, प्लॅस्टिकच्या वॉलपेपरखाली काळी बुरशी धरते. त्यात एसीची ड्रेन पाइप तुंबली किंवा फॉल्स सीलिंगवरच्या थंड पाइपांचं आवरण फाटलं, की डाग खाली उतरू लागतो.

म्हणून रंगाऱ्याला बोलावण्याआधी तपास व्हायला हवा, आणि तो फारसा खर्चिक नाही. डागाजवळची भिंत कोरडी पुसून त्यावर अॅल्युमिनियम फॉइलचा तुकडा चारही कडांनी टेपने बंद करून चिकटवावा. एक-दोन दिवसांनी खोलीकडच्या बाजूला थेंब दिसले तर पाणी हवेतलं. भिंतीकडची बाजू ओली असेल तर ते बहुधा आतून येतंय. तसं असेल तर घरातले सगळे नळ बंद करून मीटर पाहावा. तो फिरत राहिला तर पुरवठ्याची पाइप गळतेय. सांडपाण्याची गळती मात्र मीटरवर दिसत नाही. तिथे आंघोळीनंतर डाग वाढतो का, हे पाहावं लागतं. तळमजल्यावर स्कर्टिंगच्या वर पांढऱ्या क्षाराची पूड येत असेल, तर जमिनीतलं खारं पाणी किंवा भिंतीलगतच्या बागेला दिलेलं पाणी वर चढत असण्याची शक्यता मोठी.

16 एप्रिल 2024 च्या पावसाचा दाखला कोणी देईल. त्या वेळी अल ऐनजवळच्या खत्म अल शकला इथे 24 तासांच्या आत 254.8 मिलिमीटर पाऊस पडला, देशातल्या 75 वर्षांच्या नोंदींतला सर्वाधिक म्हणून तेव्हा जाहीर झालेला. अशा पावसात भिंती भिजणारच. पण पावसाची ओल हळूहळू सुकते. जी दर उन्हाळ्यात परतते तिचं खापर त्या दिवसावर फोडता येत नाही. दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे: घर भाड्याचं, तर ही उठाठेव आपण का करावी? दुबईच्या 2007 च्या भाडेकरार कायद्यानुसार, करारात वेगळं ठरलं नसेल तर देखभाल-दुरुस्ती घरमालकाकडे असते. पण वाद उपटतो तो कारणावरूनच. मालक म्हणणार, तुम्ही एसी फार थंड ठेवता. भाडेकरू म्हणणार, पाइप गळतेय. फॉइलचा तारखेसह फोटो आणि मीटरचे दोन आकडे हाती असले, तर मेंटेनन्सवाल्याला नुसता रंग फासून निघून जाता येत नाही.