साधी गाठ

"मायले सांगू नोका, डॉक्टरसाहेब. साधी गाठ हाय म्हना." रिसोडपासून मानोऱ्यापर्यंत, वाशीम जिल्ह्यातल्या कुठल्याही दवाखान्यात हे कानावर पडते. गाठ कर्करोगाची असते, पण बोलणारा मुलगा काही लबाड नसतो; त्याचा गळा दाटलेला असतो. म्हणूनच या खोट्याला कुणी खोटे म्हणत नाही. मी म्हणतो.

वाशीमला चर्च ऑफ द नाझरीनने १९३८ साली रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल सुरू केले. आजाऱ्याच्या खाटेशी इथल्या ख्रिस्ती मंडळीचे नाते इतके जुने. आम्ही तरी हा प्रश्न टाळू नये.

खोट्याची बाजू घेणारे बायबलमधल्या राहाबेचा दाखला देतात. तिने हेर लपवले, राजाच्या माणसांना थाप मारली, तरी तिचा गौरव झालाच ना? झाला, पण नव्या करारात तो तिच्या विश्वासाचा आणि हेरांना दिलेल्या आसऱ्याचा आहे. थापेचे कौतुक तिथे कुठेच नाही. शिवाय राहाबेच्या दारात हेरांच्या जिवावर उठलेली माणसे होती. आपल्यासमोर खाटेवर आपली आई आहे. तिला कुणाच्या रांगेत बसवता?

"पण खरे ऐकून ती हाय खाईल." हा पेच पाचव्या शतकात संत ऑगस्टीनलाही पडला होता. मरणाच्या दारातला बाप विचारतो, माझा मुलगा जिवंत आहे का? मुलगा तर गेलेला. अशा वेळी आपलेही मन हेलावते, हे ऑगस्टीन कबूल करतो, तरी खोट्याला मोकळीक देत नाही. गप्प राहण्याला मात्र तो खोटे म्हणत नाही. हा भेद लाखमोलाचा आहे.

आता घरात काय होते ते पाहा. नागपूरच्या कर्करोग रुग्णालयाची पाटी आईलाही वाचता येते. परतीच्या एसटीत मुलगा गाठ साधी असल्याचे सांगतो, ती मान डोलावते, आणि दोघांचेही नाटक सुरू होते. बहिणीशी धरलेला अबोला सोडायचा, सातबाऱ्याचे काय ते सांगायचे, कुणाची क्षमा मागायची. सगळे राहून जाते. पाळक भेटीला आले की त्यांनाही दारातच बजावतात. मग प्रार्थनेत देवालाही साधी गाठच कळवली जाते!

कायदाही या लपवाछपवीच्या बाजूचा नाही. शुद्धीवर येऊन स्वतः निर्णय घेऊ शकणाऱ्या सज्ञान मुलीच्या शस्त्रक्रियेला तिच्या आईची संमती पुरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली ठरवले. मग आजार लपवून आईऐवजी मुलाने दिलेली संमती कशी पुरेल?

रिपोर्ट तोंडावर फेका, असे कोण म्हणतो? आधी विचारा, "माय, सारं आयकाचं हाय का तुले?" नको म्हणाली तर तो तिचा हक्क. तेव्हा गप्प राहा. 'नरो वा कुंजरो वा' नको. हो म्हणाली तर जवळ बसून हळूहळू सांगा, दुखणे कमी करायला औषधे आहेत हेही सांगा.

पाळकांना एक विनंती. दारात अडवणाऱ्या मुलाला आधी बाजूला घ्या, त्याला रडू द्या, आणि मग दोघे मिळून आत जा.