उचललेली माणसे

शहरातल्या रस्त्यांवरील गृहप्रकल्पांचे फलक पाहताना आमचे लक्ष अलीकडे इमारतीपेक्षा तिच्यासमोरच्या माणसांकडे जाते. पायाही न खणलेल्या इमारतीच्या अंगणात ती आधीच राहायला आलेली असतात. कोणी मुलाचे बोट धरून चालले आहे, कोणी सायकल हाती धरून उभे आहे. कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘आर्टिस्ट्स इम्प्रेशन’ असा खुलासा असतो. इमारत कल्पनेतली, हे मान्य. पण माणसे बहुधा कुणाच्या तरी छायाचित्रातून कापून आणलेली असतात. त्यांना कोणी विचारले होते काय?

वास्तुचित्रात माणूस येतो तो प्रथम मापासाठी. ल कॉर्बुझिएने आपल्या ‘मॉड्युलॉर’ या प्रमाणपद्धतीसाठी आरंभी १७५ सेंटिमीटर उंचीचा पुरुष घेतला होता. पुढे तो १८३ सेंटिमीटरचा झाला. कारण इंग्रजी रहस्यकथांतले देखणे पुरुष, उदाहरणार्थ पोलीस, सहा फूट उंच असतात! चंदीगडचे विधानभवन ज्या मापाने उभे राहिले, त्यामागे अशी एक वाङ्मयीन उचल आहे. तरीही त्या आकृतीला कुणाचा चेहरा नव्हता. फोटोशॉपमधल्या ‘कटआउट’ला तो असतो, आणि प्रश्न तिथे सुरू होतो.

कायदा इथे दोन दारे दाखवतो. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार छायाचित्राचा पहिला मालक सामान्यतः छायाचित्रकार असतो. मोबदला देऊन ते काढून घेतले असेल आणि वेगळा करार नसेल, तर काढवून घेणारा. दुसरे दार चित्रातल्या माणसाचे. राजगोपाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९४ सालीच म्हटले आहे, की संमतीवाचून कुणाचे नाव वा प्रतिमा जाहिरातीसाठी वापरणे हा त्याच्या खाजगीपणाच्या हक्काचा भंग होय. एका दाराची किल्ली दुसऱ्याला लागत नाही. २००७ साली टेक्सासमधील एका शाळकरी मुलीचे छायाचित्र ऑस्ट्रेलियातील एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत झळकले. छायाचित्रकाराने ते क्रिएटिव्ह कॉमन्सच्या मुक्त परवान्याखाली ठेवले होते. मुलीला कोणीही विचारले नव्हते. दावा अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर निकालात निघाला, परंतु परवाना छायाचित्राचा असतो, माणसाचा नव्हे, हा धडा उरलाच.

यावर कोणी म्हणेल, की मोफत संग्रह आहेत, ते वापरावेत. आहेतच. स्वीडनमधील ‘स्कालगुब्बर’ हा त्यातला प्रसिद्ध. तिथली माणसे जगभरच्या चित्रांत इतकी फिरली, की कोलंबिया विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी इतर वर्णांच्या माणसांचा ‘नॉनस्कँडिनेव्हिया’ हा संग्रह सुरू केला. तक्रार रास्तच होती. आपल्या फलकांवरही भाजीची पिशवी घेतलेली आजी, रखवालदार, धुणेभांडी करणारी बाई सहसा दिसत नाहीत. इमारत त्यांच्यावाचून एक दिवसही चालणार नाही. पण त्यांना चित्रात आणायचे म्हणून चौकात उभे राहून गुपचूप कॅमेरा रोखणे, हा आमच्या मते जुन्याच चोरीचा पुरोगामी अवतार आहे. प्रतिनिधित्व हा संमतीला पर्याय होऊ शकत नाही.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेने घडवलेले चेहरे आले, म्हणजे प्रश्न मिटला, असेही सांगितले जाते. ती यंत्रे खऱ्या माणसांच्या असंख्य छायाचित्रांवरच शिकली आहेत. चोरीचा माल वितळवून नवा दागिना घडवला, तर सोने कुणाचे हा प्रश्न वितळत नाही.

उपाय अवघड नाही. कार्यालयाने एक दिवस काढावा. ओळखीच्या, शेजारच्या माणसांना बोलवावे. चित्र कशासाठी वापरणार ते त्यांच्या भाषेत सांगावे. लेखी संमती घ्यावी, मुलांसाठी पालकांची. आणि मोबदला द्यावा. प्रकाशाची दिशा व डोळ्यांची उंची इमारतीच्या चित्राशी जुळवून घेतली, तर ही माणसे चित्रात उपरी दिसणार नाहीत. असा शंभरेक माणसांचा संग्रह कार्यालयाला वर्षानुवर्षे पुरेल.

आम्ही साहित्याची माणसे या वादात का पडतो? कारण वर्गात दुसऱ्याची एक ओळ उचलणाऱ्या विद्यार्थ्याला आम्ही वाङ्मयचौर्याबद्दल फैलावर घेतो, आणि घरी परतताना उचललेल्या माणसांनी भरलेल्या फलकाखालून निमूटपणे जातो. ओळीला लेखक असतो, हे आम्हाला कळते. चेहऱ्यालाही धनी असतो, हे कळायला एवढा उशीर का लागावा?