आदिवासीपणाची परीक्षा आणि विद्यापीठांतील मानवशास्त्र

सांस्कृतिक मानवशास्त्र हा विषय घेऊन विद्यापीठात जाणाऱ्या विद्यार्थ्याला घरी हटकून एक प्रश्न विचारला जातो : याचा उपयोग काय? अलीकडे या प्रश्नाला एक तयार उत्तर सापडले आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत हा वैकल्पिक विषय गुण मिळवून देणारा समजला जातो, आणि त्यामुळे तोडांचे बहुपतित्व व गोंडांची युवागृहे पाठ करणाऱ्या उमेदवारांची आज वाण नाही. ज्यांच्या चालीरीती पाठ करायच्या त्यांच्यावरच उद्या अधिकारी म्हणून जायचे, ही परंपरा इंग्रजी अमदानीपासूनची आहे.

परंतु हा विषय परीक्षेपुरताच उपयोगी आहे ही समजूत खरी नाही. महाराष्ट्रात तो सरकारी कचेऱ्यांतून रोज वापरला जातो आणि त्यावर माणसांची शिक्षणे आणि नोकऱ्या ठरतात. अनुसूचित जमातीच्या राखीव जागेवर प्रवेश वा नेमणूक हवी असेल तर जमातीचा दाखला पुरत नाही. तपासणी समितीचे वैधता प्रमाणपत्र लागते. समितीचे दक्षता पथक चौकशी करते. जुनी कागदपत्रे तर पाहिली जातातच, पण त्याखेरीज अर्जदाराला विचारले जाते : तुमचे दैवत कोणते? लग्नात कोणता विधी आधी? प्रेत पुरता की जाळता? घरची बोली कोणती, सण कोणते, नाच कोणता? या सोपस्काराला ॲफिनिटी टेस्ट, म्हणजे जमातीशी असलेल्या आप्तभावाची चाचणी, असे नाव आहे. ज्याचा आजा डोंगर सोडून गिरणीत आला, बाप पालिकेत लागला आणि जो स्वतः चाळीत वाढून बारावीला उत्तम गुण मिळवून बसला आहे, अशा मुलाने ही उत्तरे कोठून आणावीत? आणि आणली नाहीत तर त्याचे आदिवासीपण संपले, असे कोणत्या शास्त्राने म्हणावे?

ही चाचणी कोणा एका अधिकाऱ्याच्या डोक्यातून निघालेली नाही. १९९४ साली कुमारी माधुरी पाटील यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दाखल्यांच्या तपासणीची पद्धत घालून दिली. तीत दैवते, विधी, रूढी, विवाहाची व अंत्यसंस्काराची रीत अशी मानवशास्त्रीय लक्षणे तपासावीत असे सांगितले होते. पुढे महाराष्ट्राने स्वतंत्र कायदा केला, २००३ साली नियम केले, आणि चौकशीतील एक बाब हळूहळू निवाड्याचा कणा होऊन बसली. १९६५ च्या लोकूर समितीने जमात ओळखण्यासाठी सांगितलेल्या खुणा आठवल्या म्हणजे या विचाराचे मूळ सापडते : आदिम लक्षणे, वेगळी संस्कृती, भौगोलिक अलगता, परक्यांशी संपर्काचा संकोच आणि मागासलेपण. म्हणजे शिकू नये, डोंगर उतरू नये, कोणाशी मोकळेपणाने बोलू नये, तरच माणूस आदिवासी! ज्या सवलती अलगता मोडण्यासाठी दिल्या, त्या मिळवण्यासाठी अलगता शाबूत असल्याचा पुरावा मागायचा, हा प्रकार कायद्याच्या भाषेत कितीही शिस्तीने मांडला तरी विपरीतच आहे.

उत्तर बरोबर की चूक हे कशावरून ठरते? कित्येक निवाड्यांतून आणि समित्यांच्या निर्णयांतून दाखले येतात ते एन्थोव्हेनच्या १९२० ते १९२२ या काळात निघालेल्या मुंबई इलाख्यातील जातिजमातींवरील तीन खंडांचे, किंवा रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या १९१६ च्या मध्यप्रांतावरील ग्रंथाचे. या ग्रंथांतील मेहनत मोठी आहे, ती नाकारण्याचे कारण नाही. पण ते राज्यकर्त्यांनी रयतेची केलेली मोजदाद आहे. शंभर वर्षांपूर्वी कोणा दुय्यम अधिकाऱ्याने पाटलाला विचारून टिपलेली रीत आज नातवाच्या पोटावर पाय आणते, तेव्हा दोष त्या मृत अधिकाऱ्याचा नसतो. त्याचे टिपण कालातीत मानणाऱ्यांचा असतो.

योगायोग असा की रसेलचा ग्रंथ निघाला त्याच वर्षी, ९ मे १९१६ रोजी, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या परिसंवादात एका पंचवीस वर्षांच्या भारतीय विद्यार्थ्याने जातिसंस्थेवर निबंध वाचला. विद्यार्थी होता भीमराव आंबेडकर. तो तेथे मुख्यतः अर्थशास्त्रासाठी गेला होता. पण कोलंबिया त्या वेळी फ्रान्झ बोआस यांचे घर होते, आणि गोल्डनवायझर त्यांचेच शिष्य. वंशावरून माणसाची कुवत ठरत नाही, संस्कृती ही इतिहासातून घडते व बदलते, हे त्या पंथाचे सांगणे होते. आंबेडकरांनी सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि आपले श्रीधर व्यंकटेश केतकर या सर्वांची मते तपासली आणि जातीचे मर्म ना रक्तात, ना व्यवसायात, तर जातीतच लग्न करण्याच्या सक्तीत आहे असे मांडले. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह ही ती सक्ती टिकवण्याची साधने होत, हा त्या निबंधातील धागा तर आजही वाचणाऱ्याला हलवून सोडतो. चालीरीतींची यादी देऊन तो विद्यार्थी थांबला नाही. ही रीत कोणासाठी चालते आणि कोणाच्या जिवावर चालते, हे त्याने विचारले. ज्या समाजाचे वर्णन इतरांनी करायचे, त्या समाजातला माणूस वर्णनकारांच्या टेबलापाशी येऊन बसला की शास्त्राचे प्रश्नच बदलतात.

आपल्याकडील विद्यापीठांचे काय झाले? मुंबई विद्यापीठात १९१९ साली पॅट्रिक गेडिस यांच्याकडे समाजशास्त्राचा विभाग आला, पुढे तो डॉ. गो. स. घुर्ये यांनी वाढवला. रिस्लेने नाकाच्या मापावरून जातींची उतरंड लावली होती; घुर्ये यांनी १९३२ साली आकडे तपासून तिच्यातला फोलपणा दाखवला, आणि पुढे आंबेडकरांनाही त्याचा आधार घेता आला. हे श्रेय मोठे. पण याच घुर्ये यांनी १९४३ साली आदिवासी म्हणजे मागासलेले हिंदू असा निर्वाळा दिला. दुसऱ्या बाजूला व्हेरिअर एल्विन यांनी बैगांसाठी राखीव मुलूख असावा असे सुचवले होते. एकाला त्यांना सामावून घ्यायचे होते, दुसऱ्याला जपून ठेवायचे होते. वाद विद्वत्तेचा होता, अटीतटीचा होता. ज्यांच्याविषयी होता त्यांना मात्र त्यात जागा नव्हती.

१९४५ साली के. जे. सावे यांचे वारल्यांवरील पुस्तक मुंबईत प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी ठाणे जिल्ह्यातील वारल्यांनी वेठ आणि लग्नगडी यांविरुद्ध संप केला. गोदावरी परुळेकर आणि समाजवादी यांच्यातील मतभेद जगजाहीर आहेत. तरीही वारली कोण आहे हे त्या वर्षी अभ्यासिकेपेक्षा तलासरी-डहाणूच्या शेतांवर अधिक स्पष्ट कळले, हे मान्य करण्यात कमीपणा नाही. वारल्यांची संस्कृती लग्नाच्या चौकात होती, तशीच ती सावकाराच्या दारी उभे राहण्यास दिलेल्या नकारातही होती.

विद्यापीठीय अभ्यासाला ही वाट अपरिचित होती असेही नाही. इरावती कर्वे यांनी डेक्कन कॉलेजात नातेसंबंधांचा अभ्यास केला तसाच कोयना धरणाने उठवलेल्या लोकांचाही केला. जाई निंबकर यांच्यासह केलेली ती पाहणी १९६९ साली प्रसिद्ध झाली. पाण्याखाली गेलेल्या गावांचे काय झाले हा प्रश्न मानवशास्त्राचा आहे, हे त्यांनी कृतीने दाखवले. ती वाट पुढे हमरस्ता झाली नाही, याचे उत्तर मात्र विद्यापीठांनी द्यायला हवे.

आता दुसरी बाजू. तपासणीच नको असे कोणी म्हणू लागला तर त्याला सर्वांत आधी आदिवासी संघटनाच विरोध करतील, आणि तो रास्त आहे. १९७६ साली जमातींच्या यादीवरील क्षेत्रबंधने उठली. नामसादृश्याचा फायदा घेऊन राखीव जागा बळकावणाऱ्यांनी खऱ्या आदिवासींच्या पोरांची ताटे ओढली, ही वस्तुस्थिती आहे. खोट्या दाखल्यावर मिळवलेला लाभ काढून घेतलाच पाहिजे असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली निक्षून सांगितले ते योग्यच झाले. पण आप्तभावाच्या चाचणीत सापडतो कोण? ज्याच्यापाशी पैसा आहे तो पुस्तक विकत घेतो, माहीतगार गाठतो आणि देवांची नावे घोकून येतो. ज्याच्यापाशी ना जमिनीचा जुना उतारा ना आजोबाचा शाळेचा दाखला, तो बुजतो, गोंधळतो आणि नापास होतो. चोरासाठी लावलेला हा सापळा घरच्याच माणसाचा पाय धरतो.

खुद्द न्यायालयाला हे उमगले. स्थलांतर, आधुनिकीकरण आणि इतरांशी संपर्क यांमुळे जमातींत नवी लक्षणे येतात, म्हणून या चाचणीला अंतिम कसोटी मानता येणार नाही, असे २०११ साली आनंद यांच्या प्रकरणात सांगितले गेले. २४ मार्च २०२३ रोजी ठाकूर जमातीच्या संघटनेच्या प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी तेच अधिक ठामपणे सांगितले, आणि प्रत्येक प्रकरणात ही चाचणी घेण्याची आवश्यकता नाही हेही स्पष्ट केले. संस्कृती बदलते हा पदवीच्या पहिल्या वर्षी शिकवला जाणारा सिद्धान्त. तो न्यायमूर्तींना निकालपत्रात लिहावा लागला, आणि तो शिकवण्यासाठी ज्यांना वेतन मिळते त्यांचा आवाज या साऱ्या वादात क्षीण राहिला.

मानवशास्त्राच्या विभागांना अजूनही काम आहे. विद्यार्थ्यांना क्षेत्रकार्यासाठी पंधरा दिवस पाड्यावर न्यावे आणि दागिन्यांची व देवांची यादी करून परत आणावे, हा प्रघात पुरे झाला. त्यांना तपासणी समितीच्या कचेरीत बसवावे. तिथले विधी कोणते, भाषा कोणाला कळते, कोण किती खेपा घालतो, कोणाचा अर्ज कशावरून फेटाळला जातो, याची नोंद करावी. वनखाते, आश्रमशाळा, साखर कारखान्याची टोळी आणि तिचा मुकादम हीही संस्कृतीचीच क्षेत्रे आहेत. प्रबंध मराठीत लिहावा आणि त्याची प्रत ज्या गावाने माहिती दिली त्या गावाला द्यावी. एवढीशी गोष्टही अद्याप नियम झालेली नाही.

आणि आदिवासी विद्यार्थी या वर्गात आला, तर त्याला आपल्याच आजीचे वर्णन 'आदिम लक्षणे' या मथळ्याखाली वाचावे लागणार नाही एवढी अभ्यासक्रमाची दुरुस्ती तातडीने हवी. त्याने वाचावयाच्या पहिल्या निबंधांत १९१६ चा तो निबंध असावा.

प्रत्यक्ष उपयोगाची एक वाट तर कायद्यानेच खुली केली आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याचे नियम जानेवारी २००८ मध्ये लागू झाले. त्यांत दाव्याचा पुरावा म्हणून वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब, पूर्वजांपर्यंत जाणारी वंशावळ आणि मान्यवर संस्थांनी केलेली रूढिपरंपरांची नोंद हे सारे ग्राह्य धरले आहे. वंशावळी मांडणे हे तर मानवशास्त्राच्या विद्यार्थ्याला पहिल्यांदा शिकवले जाणारे कसब. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने आपले अभ्यासगट चालवून, जंगलाची माहिती स्वतः गोळा करून, २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. तेथे गावकरीच संशोधक होते. ज्या गावांना ते अजून साधलेले नाही, त्यांचे दावे पुराव्याअभावी फेटाळले जात असताना जवळच्या विद्यापीठातील विद्यार्थी वही घेऊन तेथे पोचू शकतात, आणि त्यासाठी अभ्यासमंडळाचा एक ठराव पुरेसा आहे.